बर्फाचं घमेलं आणि तीन आगबोटी: हॅरिएट टबमनवर एकपात्री करताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका तरुण अभिनेत्रीने हॅरिएट टबमनवर, म्हणजे अमेरिकेतल्या गुलामगिरीतून स्वतः पळालेल्या आणि मग इतरांना सोडवणाऱ्या काळ्या बाईवर, दीड तासाचं एकपात्री लिहिलंय. पाच प्रवेश आहेत: लहानपणी डोक्याला झालेली जखम, १८४९ चं पलायन, रात्री-अपरात्री लोकांना सोडवून आणणं, अमेरिकन यादवी युद्धातली नदीवरची मोहीम आणि म्हातारपण. तालमीत युद्धाचा प्रवेश दर वेळी पडतो. तो का पडतो, आणि मराठी प्रेक्षकाला जवळचं वाटावं म्हणून मध्ये सावित्रीबाई आणाव्यात का, असं त्यांनी विचारलंय.

संहिता दोनदा वाचली. बाई, तुमचा युद्धाचा प्रवेश चांगला आहे, पण त्याच्या वाट्याला अठरा मिनिटं आलीत, आणि तोपर्यंत प्रेक्षकाने तुम्हाला देवी करून मखरात बसवलेलं असतं. मखरातली बाई धोपटणं घेऊन कपडे धुवायला बसली की तो गडबडतो. म्हणून माझा सल्ला जरा निर्दय आहे. पहिले तीन प्रवेश काढून टाका. नाटक मे १८६२ मध्ये सुरू करा आणि ऑक्टोबर १८६५ मध्ये संपवा. आधीचं जे अगदी लागेल ते तिच्या तोंडून, काम करता करता, दोन-दोन वाक्यांत येऊ द्या.

आणखी एक कारण आहे. त्या पहिल्या तीन प्रवेशांत तुम्ही 'एकोणीस फेऱ्या, तीनशे माणसं, डोक्यावर चाळीस हजार डॉलर्सचं बक्षीस' असं म्हटलंय. हे आकडे जुन्या चरित्रांतून आणि भाषणांतून फुगत आलेले आहेत. कागदपत्रं चाळणाऱ्या अभ्यासकांच्या हिशेबाने फेऱ्या साधारण तेरा आणि सोडवलेली माणसं सत्तरच्या आसपास. १८४९ मध्ये तिच्यासाठी आणि तिच्या दोन भावांसाठी मालकिणीने दिलेल्या जाहिरातीत माणशी बक्षीस होतं राज्याबाहेर सापडल्यास शंभर डॉलर. सत्तर माणसं म्हणजे काय कमी आहे का? शंभर डॉलरच्या जाहिरातीत तर चाळीस हजारांपेक्षा जास्त नाटक आहे. हरवलेल्या म्हशीची द्यावी तशी ती जाहिरात आहे.

आता ब्यूफर्टकडे या. (तुम्ही 'ब्यूफोर्ट' म्हणता. साउथ कॅरोलिनातलं हे गाव 'ब्यूफर्ट'. आणि नदीचं नाव लिहितात 'कॉम्बाही', पण तिथली माणसं म्हणतात 'कंबी'. तुम्हीही 'कंबी' म्हणा. तोंडात बसतं आणि मराठी कानाला खटकत नाही.) नोव्हेंबर १८६१ मध्ये, गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेशी लढणाऱ्या उत्तरेच्या आरमाराने तिथलं पोर्ट रॉयल बंदर घेतलं. मळेवाले गोरे रातोरात पळाले आणि सुमारे दहा हजार गुलाम माणसं बेटांवर मागे राहिली. कायद्याने ती अजून मुक्त नव्हती. फौजेच्या कागदावर त्यांना शब्द होता 'कॉन्ट्राबँड', म्हणजे लढाईत जप्त केलेला माल. हा शब्द प्रेक्षकाला पहिल्या पाच मिनिटांत ऐकवा आणि त्याचा अर्थ तिच्याकडूनच विचारून घ्या: "आम्ही माल. बरं. मग पावती कुणाच्या नावाने?" हे वाक्य माझं आहे, तिचं नाही. घ्यायचं तर घ्या, पण कार्यक्रमपत्रिकेत तिचं म्हणून छापू नका.

मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरच्या व्यवस्थेने ती तिथे पोचली. वय चाळीसच्या घरात. हे लक्षात ठेवा, कारण तुमच्या संहितेत ती पहिल्यापासून वाकलेली म्हातारी आहे. आपल्या डोळ्यांसमोर शाल पांघरलेल्या आजीचा फोटो असतो, त्याचा हा परिणाम. तिचा एक तरुणपणचा फोटो २०१७ मध्ये उजेडात आला. युद्ध संपल्यावर तीन-चार वर्षांनी ऑबर्नला, तिच्या न्यूयॉर्क राज्यातल्या गावी, काढलेला. खुर्चीवर तिरकी बसली आहे, पुढे बटणांची चोळी, घोळदार झगा, एक हात खुर्चीच्या पाठीवर. नजर अशी की समोरच्याने आधी बोलावं. तो फोटो तालमीच्या खोलीत लावा, आजीचा काढून ठेवा.

ती पोचली तेव्हा तिला सैनिकांसारखा शिधा मिळे. बेटावरच्या इतर लोकांना ते खुपलं. ही कोण बाहेरची, हिला काय म्हणून? तिने शिधा सोडून दिला. मग पोट कसं भरायचं? दिवसभर इस्पितळात काम आणि रात्री घरी भट्टी. एका रात्रीत पन्नासेक 'पाय' (सारण भरून भाजलेला मैद्याचा पदार्थ), आलं आणि काकवी घातलेल्या केकचा ढीग आणि मुळ्यांपासून केलेल्या रूट बिअरची दोन पिंपं. सकाळी हे सगळं छावणीत विकायला दुसऱ्या कुणाला तरी धाडायचं आणि आपण परत इस्पितळात.

तुमचं पहिलं पाऊण तासाचं नाटक इथे आहे. रंगमंचावर एक टेबल, परात, मैदा, किसलेलं आलं, काकवी. खरं पीठ मळा. मूकाभिनयाने मळलं तर दहा मिनिटांत हात खोटे दिसायला लागतात, आणि एकपात्रीत हात खोटे पडले की तोंडावर कुणी विश्वास ठेवत नाही. शिवाय आल्याचा वास तिसऱ्या रांगेपर्यंत जातो. तुमच्या संहितेतली आधीची सगळी हकीकत, ती जिथे गुलाम होती ते मेरीलँड राज्य, आई, नवरा जॉन टबमन, जंगल, ही पिठाच्या गोळ्यावर मूठ मारत सांगता येते. कुठे मूठ थांबते एवढंच दिग्दर्शकाने ठरवायचं.

धुण्याच्या घराची गोष्ट तुम्ही एका वाक्यात उडवलीत, ती मला सोन्यासारखी वाटते. सरकारकडून तिला त्या काळात दोनशे डॉलर मिळाले. तिने त्यातून एक धुलाईघर बांधलं, की सुटलेल्या बायकांनी सैनिकांचे कपडे धुऊन स्वतःचे पैसे मिळवावेत. मग ती एका मोहिमेवर फ्लोरिडाकडे गेली आणि परत येऊन बघते तर धुलाईघर गायब. आपल्याच बाजूच्या एका पलटणीने ते पाडलं किंवा बळकावलं होतं. शत्रूने नाही. या प्रसंगाला एक शब्दही देऊ नका. बाई गाठोडं घेऊन येते, रिकाम्या जागेकडे बघते, गाठोडं खाली ठेवते, परत उचलते. प्रकाशयोजनाकाराला सांगा, काही करू नकोस.

इस्पितळाचा प्रसंग सगळ्यात कठीण आणि माझ्या मते नाटकाचा कणा. तिने स्वतः नंतर सांगितलेली हकीकत आहे. सकाळी बर्फाचा मोठा तुकडा घमेल्यात घ्यायचा, त्यात पाणी ओतायचं, स्पंज बुडवायचा आणि एका टोकापासून सुरुवात करायची. पहिल्या जखमीजवळ गेलं की माश्या अशा उठायच्या जशा पोळ्यातून मधमाश्या. जखमा धुवायच्या, पुढच्याकडे जायचं. तीन-चार माणसं होईतो आग आणि उकाड्याने बर्फ वितळलेला, पाणी कोमट आणि निव्वळ रक्त. नवा बर्फ आणायला जायचं. आणि परत येऊन पुढच्यांकडे वळेपर्यंत पहिल्यांवर माश्या पुन्हा तितक्याच दाट, तितक्याच काळ्या.

तुम्ही हे भाषण म्हणून लिहिलंय, पाठीमागे व्हायोलिन. व्हायोलिन काढा. भाषणही अर्धं काढा. चार मांडण्या करा, म्हणजे रिकामी चादर घातलेले चार बाक, आणि खरं घमेलं, खरा बर्फ. पत्र्याच्या घमेल्यात बर्फाचा जो आवाज येतो तो कुठल्याही ध्वनिमुद्रणात येत नाही. पहिल्या बाकाशी पूर्ण कृती करा, अगदी सावकाश. दुसऱ्याशी तेवढीच. तिसऱ्याशी प्रेक्षक चुळबुळतो, इथे तुम्हाला घाई सुटेल, सुटू देऊ नका. चौथ्याशी तुम्ही वळून पहिल्या बाकाकडे बघता. बास. माश्यांचा आवाज लावू नका. तुमचा हात हवेत ज्या तऱ्हेने हलतो त्यावरून माश्या दिसतात. पूर्वी एका नाटकात मी असाच एक पाणी भरण्याचा प्रसंग बसवला होता आणि नटाच्या दहाव्या खेपेला एक काका मोठ्याने म्हणाले, "अरे, भरलं की!" सभागृह हसलं. नट थांबला नाही. अकराव्या खेपेला कुणी हसलं नाही. तो क्षण मिळवायचा तर आधी कंटाळ्याची किंमत मोजावी लागते.

आता मोहीम. १ जून १८६३ च्या रात्री ब्यूफर्टहून तीन आगबोटी निघाल्या. कर्नल जेम्स माँटगोमेरीच्या हाताखाली काळ्या सैनिकांची पलटण, दुसरी साउथ कॅरोलिना, सुमारे तीनशे माणूस. तिच्या हेरांनी नदीतले सुरुंग कुठे पेरलेत ते गावातल्या गुलामांकडूनच काढून आणलं होतं. एक बोट वाळूत रुतली, दोन पुढे गेल्या. काठावरची भाताची कोठारं, मळेवाल्यांचे वाडे जाळले, बांध फोडले, आणि सातशेच्या वर माणसं बोटींवर घेऊन परतले.

तुम्ही इथे तोफांचे आवाज, लाल प्रकाश, धूर असं सगळं मागितलंय. प्रेक्षकाने घरी बसून यापेक्षा मोठे स्फोट पाहिलेत. त्यात तुम्ही जिंकणार नाही. तिला काय आठवलं ते बघा. तिला आठवल्या धावत येणाऱ्या बायका. चुलीवरून तसाच उचललेला भाताचा हंडा डोक्यावर, वाफ निघतेय, पाठीवर पोर, पोराचा एक हात आईच्या कपाळाला घट्ट आणि दुसरा हंड्यात, बकाबका भात खातंय. कुणाच्या पाठीवर पोत्यात डुक्कर. एका बाईकडे दोन डुकरं, एक पांढरं आणि एक काळं. ती सगळी बोटीवर घेतली आणि पांढऱ्याचं नाव ठेवलं बोरेगार्ड, काळ्याचं जेफ डेव्हिस. पहिला शत्रूचा सेनापती, दुसरा शत्रूचा राष्ट्राध्यक्ष. ती म्हणते, आम्ही हसलो, हसलो, हसतच राहिलो. तुमच्या संहितेत या अख्ख्या प्रवेशात एकही हशा नाही! ही नावं कुणाची ते आधी पीठ मळताना पेरून ठेवा, म्हणजे इथे समजावत बसावं लागणार नाही. आणि डुकरं उचलायला मदत करताना पळापळीत तिचा पाय स्वतःच्याच झग्यावर पडून झगा फाटून चिंध्या झाला. महिन्याभरात तिने बोस्टनला पत्र लिहवून घेतलं, कारण तिला लिहिता येत नसे: पुन्हा अशा मोहिमेवर लांब झगा घालून जाणार नाही, मला ब्लूमर पाठवा. सातशे माणसं सोडवून आलेली बाई पत्रात विजार मागते आहे. ते पत्र जसंच्या तसं ऐकवा, लेखनिकाला सांगतेय अशा थाटात.

यानंतर तुमच्या नाटकातला सगळ्यात मोलाचा क्षण येतो. तुम्ही तो घेतलाच नाही. होड्या भरल्या तरी काठावरची माणसं होडीच्या कडा सोडेनात. वल्हेकरी हातांवर मारताहेत तरी सोडेनात, मागे राहण्याची भीती. तेव्हा माँटगोमेरी वरून तिला ओरडून म्हणाला (मोझेस हे तिचं टोपणनाव), मोझेस, तुझ्या लोकांना दोन शब्द धीराचे सांग. म्हातारपणी तिने यावर जे म्हटलं ते ऐका: ती काही माझी माणसं नव्हती, जशी त्याची नव्हती तशी माझीही नव्हती, आम्ही सगळे काळे एवढंच. तिथल्या लोकांची बोली गुल्ला, ही मेरीलँडची. ती बोलली की ते हसत, आणि ते बोलले की तिला ओ की ठो कळत नसे. मग करायचं काय? तिने गाणं म्हटलं. त्या काळचं चालू गाणं, यांकी राष्ट्र किती थोर, घाबरू नका, चला, तुम्हा सगळ्यांना शेत देण्याइतका अंकल सॅम श्रीमंत आहे, अशा अर्थाचं. कडव्याच्या शेवटी लोकांनी हात वर करून टाळ्या वाजवल्या, होडीवरचे हात सुटले, होड्या निघाल्या.

कल्पना करा. भाषा कळत नाही, माणसं अनोळखी, आणि एक गोरा अधिकारी समजतोय की रंग एक म्हणजे सगळे आपसांत ओळखीचे. आणि शेताचं वचन गाण्यात दिलं, ते शेत पुढे बहुतेकांना मिळालं नाही. हा क्षण गाळून तुम्ही 'माझ्या बांधवांनो' असं तीन मिनिटांचं आवाहन लिहिलंत. ते फाडा. त्या जागी गाणं, आणि गाण्याआधी पाच-सहा सेकंद शांतता, ज्यात तिला काय बोलावं ते सुचत नाही.

आता भाषा. हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण संहितेत तो पानोपानी आहे. तिचं बोलणं ज्यांनी टिपून ठेवलं ते बहुतेक गोरे, आणि त्यांनी ते मुद्दाम जाड, वेड्यावाकड्या उच्चारांत लिहिलं. त्याचं मराठी करताना दोन खड्डे आहेत. एक, तिला ग्रामीण बोली देणं. मी हे पूर्वी एका परदेशी पात्राच्या बाबतीत करून पाहिलं आणि शहरातला प्रेक्षक पहिल्या वाक्यालाच खुदकन हसला. बोलीत हसण्यासारखं काही नव्हतं, त्याच्या कानाला सवय तशी लागलीय. तुम्ही पडलात ते दुसऱ्या खड्ड्यात. तुमचं वाक्य: "हे जगन्नियंत्या, दास्याच्या शृंखला तोडण्याचं सामर्थ्य मला दे." ही बाई असं बोलणार नाही. प्रमाण मराठीच ठेवा, पण तत्सम शब्द चाळणीने काढा. क्रियापदं ठेवा, विशेषणं काढा. "देवा, तू सहा संकटांत माझ्या पाठीशी होतास. आता सातवं आलंय." या अर्थाची तिची प्रार्थना नोंदलेली आहे. बघा, किती कमी शब्दांत बसली.

ती कशी बोलायची याचा उत्तम नमुना युद्धाआधीचा आहे, ऑगस्ट १८५९, बोस्टन. काळ्या लोकांना आफ्रिकेत पाठवून द्यावं असं तेव्हा बरेच सज्जन म्हणत होते. तिने सभेत गोष्ट सांगितली. एका माणसाने दुभतं वाढावं म्हणून कुरणात कांदा-लसूण पेरला. लोण्याला उग्र वास यायला लागला, विकेना. मग म्हणाला, आता चांगलं गवत पेरू. पण तोवर वाऱ्याने कांदा-लसूण रानभर पसरला होता. तसंच आमचं, म्हणाली. राबायला आणलंत, आता उपटायला निघालात. आम्ही रुजलोय, उपटणार नाही. हे मराठीत आणायला तुम्हाला काहीच करावं लागत नाही. कांदा-लसणाला टीप द्यावी लागत नाही! हे नाटकात घ्या, आणि तुमची बाकीची वाक्यं याच्या शेजारी ठेवून वाचा. जी शेजारी बसत नाहीत ती काढा.

तोंडाला काळा रंग लावायचा नाही. तुम्ही 'हलकीशी छटा' लिहिलंय, तीही नाही. त्याच काळात अमेरिकेत गोरे नट तोंडाला काजळी फासून काळ्यांची टर उडवणारे मिन्स्ट्रेल खेळ करत होते आणि ते तुफान चालत होते. तुमचा हेतू कितीही चांगला असो, त्या रंगाला तो इतिहास चिकटलेला आहे. केसांचा टोपही नको. डोक्याला बांधलेलं फडकं, घोळदार झगा, मजबूत बूट. पुरे. पहिल्या मिनिटाला तुम्ही तुमच्या नावाने उभ्या राहा, सांगा की मी अमुक, मी आज हिची गोष्ट सांगणार, आणि पिठात हात घाला. आपल्याकडच्या सोंगात आणि कीर्तनात हे उघडपणे होतच आलंय, प्रेक्षकाला त्याचं काही वावडं नाही.

तिच्या झोपेबद्दल. डोक्यात दोन पौंडांचं वजन बसल्यापासून तिला अचानक ग्लानी यायची, बोलता बोलता डुलकी लागायची आणि जाग आली की जिथे तुटलं तिथून पुढे बोलायची. तुम्ही पाच वेळा घेतलंय आणि दर वेळी निळा प्रकाश. एकदाच घ्या, निळ्या प्रकाशाशिवाय, एका साध्या वाक्याच्या मध्यावर. लोकांना वाटलं पाहिजे की नटी वाक्य विसरली.

सावित्रीबाईंना आणू नका. दोघींवर अन्याय होतो, आणि प्रेक्षक नाटक सोडून तुलना करत बसतो. धागा हवाच असेल तर खरा धागा दुसरीकडे आहे. याच युद्धाने दक्षिणेचा कापूस ब्रिटनच्या गिरण्यांपर्यंत पोचेना, म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६१ ते ६५ या काळात मुंबईत पैशाचा पूर आला, शेअरचा सट्टा बोकाळला, आणि १८६५ मध्ये लढाई थांबली तसा बाजार कोसळला. हॅरिएट ज्या बेटांवर जखमा धूत होती ती लांब धाग्याच्या उंची कापसाचीच बेटं. हे तुमच्या नावाने बोलताना, पहिल्या मिनिटात, तीन वाक्यांत सांगा. आणि जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' छापली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण करून. त्या अर्पणपत्रिकेत आभार आहेत मुक्त करणाऱ्यांचे. तुमच्या नाटकात सुटणारी माणसं स्वतःच हेरगिरी करतात, सुरुंगांची ठिकाणं सांगतात, हंडा डोक्यावर घेऊन धावतात. हा फरक तोंडाने सांगू नका. अर्पणपत्रिका सुरुवातीला वाचा, बस्स.

शेवट. म्हातारपणाचा प्रवेश, थडगं, सॅल्यूट, आणि २०२४ मध्ये मेरीलँडने तिला मरणोत्तर ब्रिगेडियर जनरल केलं ही घोषणा, हे सगळं कार्यक्रमपत्रिकेवर छापा. नाटक आगगाडीत संपवा. ऑक्टोबर १८६५, युद्ध संपलंय, ती व्हर्जिनियातल्या इस्पितळातून घरी निघालीय, हातात सरकारी कामाबद्दलचा निम्म्या भाड्याचा पास. न्यू जर्सीत कंडक्टरला पटत नाही की अशा बाईकडे असा पास असेल. ती उठत नाही. तीन-चार जण मिळून तिला उचलून सामानाच्या डब्यात फेकतात, हाताला जबर दुखापत होते. तोच हात, जो तासभर आम्ही पिठात आणि घमेल्यात बघितला. पुढे पेन्शनसाठी तीस-पस्तीस वर्षं अर्ज, १८९५ मध्ये विधवा म्हणून महिना आठ डॉलर, १८९९ मध्ये वीस, तेही परिचारिका म्हणून. हेर म्हणून छदाम नाही. हे आकडे तुम्ही डब्यात बसून, एका हाताने दुसरा हात धरून, सपाट आवाजात सांगा आणि उठून टेबलाकडे जा. परातीत पीठ अजून आहे. एका हाताने मळायचा प्रयत्न करा. पडदा.

आणि व्यवस्थापकाला सांगून ठेवा, बर्फ दुसऱ्या घंटेनंतर आणायचा. दुपारपासून विंगेत ठेवला तर तुमच्या प्रवेशाला नुसतं पाणी उरेल. मासळीबाजारातली लादी घ्या आणि घरून फोडून आणा, विंगेत फोडू नका. पहिल्या रांगेला ऐकू जातं.